वरून तिसरा मजला

दोन भावांना एका जागी बसवायचे ताईंचे आजवरचे सगळे बेत एकाच कारणाने फसले होते: खोलीला दार असते. लग्नाच्या हॉलला तर चार असतात. बाळच्या मुलीच्या लग्नात दादा पुढच्या दाराने आत आले, तेव्हा बाळ स्वतःच्या मुलीच्या लग्नातून मागच्या दाराने बाहेर पडला आणि पाऊण तास मोटारीत बसून राहिला. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात दोघांनी इस्पितळाच्या वेळा वाटून घेतल्या होत्या. वडिलांच्या सोयीने नव्हे, भांडणाच्या सोयीने.

निवृत्तीच्या चौथ्या वर्षी ताईंच्या लक्षात आले, की नावेला दार नसते.

जाहिरात बाळच्या मुलीने दाखवली. खासगी शिडाची नाव, शहराचा किनारा, सूर्यास्त, दोन तास, पेये नावेवरच. ताईंनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली आणि 'पेये'पाशी थांबल्या. "हे बरं आहे," त्या भाचीला म्हणाल्या. "हात रिकामे असले की माणसं हातवारे करतात."

मग त्यांनी दादांना सांगितले, की हा तुमचा निरोपसमारंभ आहे आणि बाळ येणार नाही. बाळला सांगितले, की दादा येणार नाहीत, त्यांची बांधाबांध चालली आहे. एकतीस वर्षे शाळेत खोटे बोलणारी मुले पकडण्यात गेली असल्यामुळे खोटे कसे बोलू नये याचा ताईंना दांडगा अनुभव होता.

घाई होती ती अशी, की नऊ दिवसांनी दादा आणि वहिनी मुलाकडे परदेशी राहायला जाणार होते. कायमचे. दादा एकाहत्तर वर्षांचे होते आणि विमानात पाय आखडतात अशी त्यांची तक्रार होती. परत येण्याचा विषय कोणी काढत नव्हते. एकोणचाळीस वर्षांचा अबोला नऊ दिवसांत मिटला नाही, तर तो तसाच दोन देशांत अर्धा अर्धा राहणार होता.

दादा आणि वहिनी आधी आले. दादांना ताईंनी पुढच्या टोकाला, धक्क्याकडे पाठ करून बसवले. पाच मिनिटांनी बाळ मुलीबरोबर आला आणि मागे बसला. मधे शीड होते. कप्तान म्हणून चाळिशीची, उन्हाने रापलेली एक बाई होती. तिने दोर सोडला, पायाने धक्का ढकलला आणि शीड वर ओढले. पडदा उघडावा तसे झाले.

"चिमे," दादा म्हणाले. बासष्ट वर्षांच्या ताईंना चिमे म्हणणारा जगात हा एकच माणूस उरला होता. "हा कोण आहे?"

"तुझा भाऊ."

"ते दिसतंय मला. कशाला आहे?"

मागून बाळने कप्तानबाईंना विचारले, "इथून पोहत परत जायला किती वेळ लागेल हो?"

कप्तानबाईंनी त्याच्या पोटाकडे एकदा आणि धक्क्याकडे एकदा पाहिले. "तुम्हाला? वेळेचा प्रश्नच नाही. तुम्ही पोहोचणार नाही."

"बाबा, बसा गप," त्याची मुलगी म्हणाली आणि बर्फाच्या बादलीतून वाइनची बाटली काढून त्याच्या हातात ग्लास दिला. वहिनींनी सवयीप्रमाणे नवऱ्याची बाजू घेतली. "हे बरोबर नाही हं, वन्सं. आम्हाला विचारायला हवं होतं." पण हे म्हणताना त्यांचाही ग्लास पुढे आला होता.

पहिला अर्धा तास दोघे भाऊ एकमेकांशी नेहमीप्रमाणे ताईंमार्फत बोलले.

"त्याला सांग, पाय आवर. दोरात अडकेल."

"त्यांना सांग ताई, दोर माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे आहे."

मधे दोन हातांचे अंतर होते. निरोप तरीही ताईंकडून फिरून जात होता. एकोणचाळीस वर्षे त्या हे काम बिनपगारी करत आल्या होत्या. कोणाची तब्येत, कोणाचे ऑपरेशन, कोणाला नात झाली, सगळे आधी त्यांच्याकडे यायचे आणि त्या योग्य ते वगळून पुढे पाठवायच्या. दोघांनाही त्या सारख्याच दटावत. तुम्ही दोघेही चुकलात, हे त्यांचे ठरलेले वाक्य होते, आणि ते म्हणताना त्यांना फळ्यासमोर उभे राहिल्यासारखे प्रसन्न वाटे.

मग नाव वळली आणि शहर समोर आले.

वहिनींचा ग्लास तोंडापाशीच राहिला.

या घराण्याने तीन पिढ्या या शहराला काचा बसवल्या होत्या, पण शहराचे तोंड कोणी पाहिले नव्हते. काच बसवणारा माणूस इमारतीच्या आतून बाहेर बघतो, नाहीतर परांचीवर उभा राहून काचेला नाक लावून काम करतो. त्याला काच चिकटवायचे लुकण दिसते, चौकट दिसते, स्वतःचा घामेजलेला चेहरा दिसतो. शहराकडे पाठच असते त्याची. आता ते सगळे एकदम उभे होते. एका टोकाच्या धान्याच्या कोठारांपासून दुसऱ्या टोकाच्या इस्पितळापर्यंत, समुद्राच्या भिंतीमागे खांद्याला खांदा लावून, वर्गाचा फोटो काढायला उभे केल्यासारखे. बुटक्या इमारती पुढे, उंच मागे. आणि प्रत्येकीच्या अंगावर काच. रस्त्यावरचा गोंगाट इथपर्यंत येत नव्हता. लाखो माणसे तिथे या क्षणी भांडत, जेवत, जिने चढत असतील, आणि ऐकू येत होते ते फक्त नावेच्या पोटावर थापटणारे पाणी.

"एवढं सगळं आहे?" वहिनी हळूच म्हणाल्या. छत्तीस वर्षे त्या त्यातल्याच एका गल्लीत राहत होत्या.

"मधलं ग्रंथालय आपलं," दादा म्हणाले. कोणाला उद्देशून ते स्पष्ट नव्हते.

"त्याच्या डावीकडचं न्यायालय," बाळ म्हणाला, तोही कोणाला नाही. "घुमटाच्या काचा. बाबांच्या."

"आजोबांनी घुमट केला?" त्याच्या मुलीने विचारले. "मला कधी सांगितलं नाहीत."

"तू विचारलं नाहीस. आणि मी आता तसबिरींना काचा लावतो. माझं म्हणणं कोण धरणार?"

टोमणा हवेतून ताईंना वळसा घालून नेमका पुढच्या टोकाला पोहोचला. दादांनी खिशात हात घातला आणि वडिलांचा, काम सरळ उभे आहे का ते बघायचा पितळी ओळंबा बाहेर काढला. तो ते घराबाहेर पडताना नेहमी बरोबर घेत, जशी इतर माणसे चष्मा घेतात. दोरी चिमटीत धरून त्यांनी तो डोलकाठीशेजारी सोडला. ओळंबा एकदा उजवीकडे गेला, एकदा डावीकडे, मग गोल फिरला. दादांनी पुष्कळ वाट पाहिली. ते कामाला लागल्यापासूनच्या सत्तावन्न वर्षांत पहिल्यांदाच तो स्थिर व्हायला तयार नव्हता.

"काठी वाकडी आहे," ते शेवटी म्हणाले.

"समुद्र हलतोय, काका," भाची म्हणाली.

"ते त्याचं तो बघेल."

ताई मात्र तेरा मजली विमा कचेरी शोधत होत्या. ती त्यांना उजव्या हाताला, झाडांच्या रांगेमागे सापडली. भांडण याच इमारतीवरून झाले होते. पण ताईंचे तिच्याकडे दुसरेही एक काम होते. ते त्यांनी आजवर कोणाला सांगितले नव्हते.

ताईंनी आयुष्यात एक काच बसवली होती. तेवीस वर्षांच्या होत्या. बाबांनी शिक्षिकेच्या ट्रेनिंग कॉलेजला पाठवायचे कबूल केले होते, पण एका अटीवर: कामाच्या जागी परांचीवर पाय ठेवायचा नाही. पोरगी पडली तर सगळ्या शहराला तोंड दाखवायची पंचाईत, असे त्यांचे म्हणणे होते. आणि निघायच्या आदल्या दिवशी तिच्या हट्टापायी वीस वर्षांच्या बाळने माल चढवायच्या पाळण्यातून तिला गुपचूप वर नेले. तिने डोळे घट्ट मिटले होते, म्हणून किती वर गेलो ते कळले नाही. "हा तिसरा मजला," बाळने सांगितले. "लाव एक. कोपऱ्यातली शेवटची. कुणाला बोलू नकोस." तिने काच धरली, पाचर ठोकली, लुकण लावले. काचेतून दोन बाजूंना समुद्र दिसत होता. पुढे एकतीस वर्षे मुलांना बेरीज-वजाबाकी शिकवताना, शाळा तपासणीच्या दिवशी, नवरा गेला त्या वर्षी, ताईंना अधूनमधून ती काच आठवे आणि बरे वाटे. कुठेतरी आपण काहीतरी सरळ उभे केले आहे.

तिसरा मजला म्हणजे वरून तिसरा. या घरात मजले वरूनच मोजत. काचा वरून खाली बसवतात. खालून वर गेलात, तर वरून निसटलेला हातोडा कालच्या कामावर पडतो. त्यामुळे पहिला मजला म्हणजे आकाशाजवळचा. राहत्या घरातही झोपायच्या खोल्या पहिल्या मजल्यावर होत्या आणि स्वयंपाकघर दुसऱ्या, म्हणजे जमिनीवर. नवा पोस्टमन दर खेपेला चुके.

"आता दहा मिनिटं बघा," कप्तानबाई म्हणाल्या. त्यांनी शीड उतरवले आणि नाव जागच्या जागी डुलत राहिली. "सूर्य तुमच्या पाठीमागे आहे. तिकडे नका बघू, सगळे तिकडेच बघतात. शहराकडे बघा."

सूर्य खाली सरकला आणि शहर पेटले.

आधी सगळ्यात उंच इमारतींच्या माथ्यावर एक ओळ, वितळलेल्या पितळेची. मग ती ओळ खाली उतरू लागली. एक मजला उजळायचा, दिपवायचा, विझायचा, की लगेच त्याखालचा. इमारतीमागून इमारत. कोणीतरी न दिसणारा माणूस मशाल घेऊन शेकडो जिने एकाच वेळी उतरत होता. न्यायालयाचा घुमट तांबडा झाला आणि बाळने नकळत ग्लास खाली ठेवला. ग्रंथालयाच्या सगळ्या कमानी एका श्वासात उजळल्या. वहिनी रडत होत्या, आणि वाइनमुळे रडतेय असे म्हणत होत्या. तीन पिढ्या परांचीवर लटकून या लोकांनी हे केले होते, आणि हे असे दिसते हे एकालाही ठाऊक नव्हते. बाबा तर समुद्रावर कधी आलेच नाहीत. त्यांना पाण्याची भीती वाटे.

"विमा कचेरी," दादा म्हणाले.

उजेडाची ओळ तेराव्या मजल्यावर आली, बाराव्यावर उतरली, अकरावा पेटला. पण कोपऱ्यात एक दात पडल्यासारखी काळी फट राहिली. ओळ पुढे गेली, दहावा, नववा, आठवा, मग झाडांच्या शेंड्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. सगळी इमारत करडी झाली. एकेक करत सगळे शहर करडे झाले.

आणि मग, सगळे संपल्यावर, तो एकच कोपरा पेटला.

एकच काच. विझलेल्या अख्ख्या किनाऱ्यावर तेवढीच, टाचणीच्या टोकाएवढी, बघवत नव्हती इतकी लखलखीत.

"अगंबाई!" वहिनी म्हणाल्या. "ही वेगळी का?"

"ओळंब्यात नाही म्हणून," दादा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम थंड झाला होता. "वरून बाहेर झुकली आहे. अर्धं बोट. बाकीच्या सरळ बघतात, ही खाली बघते, म्हणून हिला सूर्य उशिरा सापडतो. इंजिनियरनं हेच लिहिलं होतं. अकराव्या मजल्यावरची एक काच. पाणी गळत नाही तर राहू द्या, म्हणाला. राहू द्या! बाबांनी ते पत्र चार वेळा वाचलं. त्यांच्या आयुष्यातली एकमेव वाकडी काच." ते वळले नाहीत. "चिमे, त्याला सांग, मी तेव्हा म्हणालो ते आजही म्हणतो. तो मजला त्याचा होता. बाबांनी त्याच्याकडून काच कापायचा हिरा काढून घेतला, ते बरोबर केलं."

बाळने काही निरोप दिला नाही. तो त्या काचेकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ताईंना ते विचित्र वाटले. तो जवळजवळ हसत होता.

"अकरावा?" भाची बोट नाचवत मोजत होती. "एक, दोन, झाडांमुळे खालचे दिसत नाहीत. थांबा, वरून मोजते. तेरा, बारा, अकरा. हो. वरून तिसरा."

ताईंच्या हातातला ग्लास तिरका झाला आणि वाइन साडीवर सांडली.

अकरावा हा शब्द त्यांनी एकोणचाळीस वर्षांत हजारदा ऐकला होता. पत्र इंजिनियरचे होते. इंजिनियर जमिनीपासून मोजतो. ताईंनी तो घरच्या हिशेबाने वरून अकरावा, म्हणजे पार खालचा धरला होता. त्या तेव्हा कॉलेजात होत्या, पत्र त्यांनी पाहिले नव्हते, घरी परत आल्या तोवर 'अकरावा मजला' हे भांडणाचे नाव होऊन बसले होते, आणि त्यांची काच होती तिसऱ्या मजल्यावर. कोपऱ्यातली. शेवटची.

गप्प राहता आले असते. कोणाला काही कळले नव्हते. तुम्ही दोघेही चुकलात, एवढे नेहमीचे वाक्य म्हटले असते, की झाले. एकतीस वर्षे त्यांनी मुलांना सांगितले होते की चूक कबूल करणारा मोठा असतो, आणि हे सांगताना त्यांना स्वतःला एकदाही मोठे व्हावे लागले नव्हते. त्यांनी काचेकडे पाहिले. ती अजून जळत होती. फार वेळ जळणार नव्हती.

"दादा," त्या म्हणाल्या. "ती काच माझी आहे."

"म्हणजे?"

"मी बसवली. कॉलेजला जायच्या आदल्या दिवशी. बाळनं मला पाळण्यातून वर नेलं होतं. मी हट्ट केला होता."

नाव डुलली. बर्फाच्या बादलीत एक बाटली खणकन वाजली. तेवढ्यात पाठीमागे सूर्य बुडाला, आणि समोरची ठिणगी फुंकर मारल्यासारखी विझली.

"वन्सं!" वहिनी म्हणाल्या, आणि पक्ष बदलायला त्यांना एवढाच वेळ लागला. "म्हणजे भावोजींनी उगाच सगळं सोसलं?"

"तू का नाही बोललास?" ताईंनी बाळला विचारले. "इतकी वर्षं?"

"कुणाला बोलणार? बाबांना?" बाळ म्हणाला. "ट्रेनिंग कॉलेजातून दुसऱ्या दिवशी परत आणलं असतं तुला. मग बाबा गेले, तोवर तू मुख्याध्यापिका झाली होतीस. तेव्हा तुला सांगायची माझी हिंमत नव्हती."

दादा उठले. हलत्या नावेत, शिडाची काठी धरत धरत, ते दोन हातांचे अंतर ओलांडून मागे आले आणि बाळसमोर उभे राहिले. भाचीने वडिलांच्या दंडाला धरले.

"पाचर," दादा म्हणाले. "जाड तोंड कुठे ठेवलं होतं हिनं?"

हा प्रश्न ताईंना नव्हता. ताईंनी सवयीने तोंड उघडले, पुढे पाठवायला, आणि मिटले.

"बाहेर," बाळ म्हणाला.

"बाहेर!"

"मी खालच्या चौकटीचं माप घेत होतो. वळून बघतो तर हिनं ठोकून वर लुकणही फासलेलं."

"मी वर जाऊन पाहिलं होतं," दादा म्हणाले. "उलटी पाचर. मला कळेना. हा झोपेत लावेल तरी सुलटी लावेल. राग चूक झाली म्हणून नव्हता रे आला. एवढी गाढवासारखी चूक माझ्या भावाच्या हातून झालीच कशी, याचा आला होता." ते ताईंकडे वळले. "जाड तोंड बाहेर ठेवतं का गं कोणी? अं? खालून आत ढकलली जाणार, वरून बाहेर येणार. लहान पोराला कळतं!"

"आणि लुकण किती?" बाळ म्हणाला. त्यालाही चेव आला होता. "शिरा थापावा तसं. अंगठ्यानं! मी सांगितलं होतं पट्टी वापर. ऐकलं का हिनं?"

"कधी ऐकते?"

"कधीच नाही!"

"आणि वर एकोणचाळीस वर्षं आपल्याला अक्कल शिकवतेय. दोघेही चुकलात म्हणे!"

"दर वाढदिवसाला फोन करून!"

ताई भिजलेल्या साडीनिशी बाकावर बसल्या होत्या आणि दोन्ही बाजूंनी बोलणी खात होत्या. मुख्याध्यापिका झाल्यापासून त्यांना कोणी असे बोलले नव्हते. त्यांनी मान खाली घातली, कारण तोंडावरचे हसू दोघांनी पाहिले असते, तर ते थांबले असते.

"इकडे बघ," दादा दरडावून म्हणाले. त्यांनी पुन्हा ओळंबा काढला. "काच आधी अशी बघायची. मग पाचर. बाळ, तू वरून दोरी धर. माझा हात आता थरथरतो."

बाळने दोरी धरली. ओळंबा डावीकडे गेला, उजवीकडे गेला, तिघांच्या मधे गोल फिरला. मागे किनाऱ्यावर एकेका खिडकीत आतून दिवे लागत होते. या वेळी कुठल्याही क्रमाने नव्हे, ज्याला जेव्हा अंधार वाटेल तेव्हा. दादा आणि बाळ वाकून त्या पितळेच्या टोकाकडे टक लावून बघत होते, आणि ताईंना काहीही पुढे पाठवायचे नव्हते.

"हा थांबणार नाही आज," बाळ म्हणाला.

"थांबेल," दादा म्हणाले. "धरून ठेव."

नाव धक्क्याला लागली तेव्हा ओळंबा बाळच्या खिशात होता. त्याने तो परत दिला नाही, आणि दादांनी मागितला नाही. उतरताना कप्तानबाईंनी सगळ्यांना हात दिला आणि रिवाजाप्रमाणे विचारले, की कसे वाटले शहर.

"छान आहे," दादा म्हणाले. "एक काच वाकडी आहे. घरचीच आहे."